उरलेली रात्र

कोनमापकाचा मध्य तिने फोटोतल्या ध्रुवताऱ्यावर टेकवला आणि एका रेघेच्या दोन्ही टोकांमधला कोन मोजला. पंचेचाळीस अंश. दुसरी रेघ मोजली, तिसरी मोजली. पंचेचाळीसच.

ती शाळेत गणित शिकवायची. मुलं पाठीमागे तिला ‘काटकोन’ म्हणायची. ते तिला ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. समोर जेवणाच्या टेबलावर नवऱ्याने सकाळीच छापलेला मोठा फोटो पसरला होता. डोंगरावरचं एकटं झाड आणि त्याच्यावर ताऱ्यांच्या गोल रेघाच रेघा. कॅमेरा एका जागी रोवायचा, तो आपला फोटो काढत राहतो. मग ते सगळे एकावर एक रचले की तारा जिथून जिथवर सरकला तिथवर रेघ उमटते. तासाला पंधरा अंश. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी गच्चीवर तिचा हात धरून, तो आकाशात फिरवत त्यानेच तिला हे शिकवलं होतं.

पंचेचाळीस अंश म्हणजे तीन तास. आणि तो तर म्हणाला होता, ‘रात्रभर कॅमेऱ्यापाशीच होतो.’ ऊन असताना निघालेला माणूस उजाडल्यावर परतला होता. मग उरलेली रात्र गेली कुठे?

पाल तशी कधीपासून चुकचुकत होती. पूर्वी तो जेवूनखाऊन सावकाश निघायचा. हल्ली चार वाजल्यापासून त्याची गडबड, जणू तिकडे कुणी वाट बघतंय. तिच्या बहिणीकडे रात्री जेवायला जायचं म्हटलं की ‘गाडी काढायचा कंटाळा येतो’, डोंगरावर जायला मात्र कंटाळा नाही. रात्रीचा सिनेमा बंद. जेवणानंतर दोघं फेरी मारायची, तीही बंद. मागच्या खेपेला पँट गुडघ्यावर फाटलेली, तळहात खरचटलेले. विचारलं तर हसण्यावारी नेलं. ताकास तूर लागू देईल तर शपथ. आणि हा फोटो तरी काय? पूर्वी ध्रुव नेमका झाडाच्या शेंड्यावर यावा म्हणून हाच माणूस तासभर मागे-पुढे सरकायचा. यात ध्रुव कसातरी कोपऱ्यात ढकललेला. लक्षच नव्हतं त्याचं.

ती उठली, बसली, पुन्हा उठली. पुसलेला ओटा परत पुसला. बहिणीला फोन लावला आणि पहिली रिंग जायच्या आत बंद केला. काय सांगणार होती? की नवऱ्याचं बाहेर काहीतरी आहे आणि साक्षीदार कोनमापक आहे? आतल्या खोलीत तिने बॅग काढली. चार कपडे भरले, दोन काढले, पुन्हा भरले. इतकी वर्षं नाकासमोर चाललेला माणूस. त्याच्यावर डोळे झाकून विश्वास टाकला होता तिने. आता जीव काही केल्या थाऱ्यावर येईना.

दुपारी तो कोपऱ्यावरचं आपलं फोटोचं दुकान बंद करून जेवायला आला. टेबलावर फोटो आणि फोटोवर कोनमापक बघून दारातच थबकला. चोराच्या मनात चांदणं, ती मनाशी म्हणाली.

“पंचेचाळीस अंश भरतात,” ती म्हणाली. “तीन तास. उरलेली रात्र कुठे होतात तुम्ही?”

“तिथेच.”

“कुणाबरोबर?”

त्याला आधी कळलंच नाही. मग आतल्या खोलीतली उघडी बॅग दिसली आणि कळलं. तो खुर्चीवर बसला.

“एकटाच होतो गं. बॅटरी संपली. मग उजाडेपर्यंत बसून राहिलो.”

“जास्तीच्या बॅटऱ्या पिशवीत असतात. मी स्वतः चार्ज करून ठेवते. खोटं तरी नीट बोला.”

“पिशवी सापडत नाही.” तो खाली बघत बोलत होता. “टॉर्च लावला तरी ताटलीएवढं दिसतं, बाकी सगळं काळं. मागच्या खेपेला शोधायला उठलो आणि तोंडावर आपटलो. आता उठतच नाही. कॅमेऱ्याचे खटके ऐकत बसतो. ते थांबले की समजायचं, बॅटरी संपली. मग सकाळची वाट बघायची. डॉक्टरांना दाखवलंय. आधी रात्रीचं दिसणं जाणार म्हणाले, मग हळूहळू दिवसाचंही. तुला सांगणारच होतो. पण जीभ रेटेना.”

सकाळपासून जुळवून ठेवलेलं एकही वाक्य तिला आठवेना.

“आणि बहिणीकडे जायला गाडी...” ती एवढंच म्हणाली.

“तू शेजारी बसलेली असताना अंधारात चालवू? उजेड आहे तोवर मी एकटा वर पोचतो, उजाडलं की उतरतो. तुला घेऊन तसलं काही करायचं नाही.”

ती खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली. रागाची जागा आता भीतीने घेतली होती, आणि ती त्या रागापेक्षा फार मोठी होती.

“मग जाता कशाला अहो? काहीच दिसत नाही तर?”

खिडकीतून ऊन थेट टेबलावर आलं होतं. त्याने कोनमापक अलगद बाजूला केला, फोटोवर वाकला आणि एका रेघेवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश बोट फिरवलं.

“तारे आता मला घरी येऊनच दिसतात.”