बक्षिसाची सुट्टी

काचेचा तळ असलेली खोली. पलंगावर पडल्या पडल्या खाली मासे दिसतात.

वीतभर तार, घट्ट पिळा दिलेली.

तेलाने मालिश. रोज. दोघांनाही.

फार दिवसांत कुणी न ऐकलेली शिट्टी.

पांढरी वाळू, आणि तिच्यावर एकही पाऊल नाही.

"अहो, कुठं हरवलात?" बायकोने कोपराने ढोसलं. "मी विचारतेय, खोली पाण्यावरची घ्यायची की झाडांतली?"

ट्रॅव्हल कंपनीच्या ऑफिसातला एसी जोरात चालू होता, तरी त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. समोरच्या पडद्यावर तीन बेटांभोवती निळंशार पाणी हलत होतं.

"सरांना अजून खरं वाटत नाहीये," टेबलापलीकडची बाई म्हणाली. "कंपनीच्या खर्चाने इतकं भारी रिसॉर्ट, नशीबच लागतं."

"नशीब कसलं? पाच वर्षांत यांचा बॉयलर एकदाही बंद पडला नाही. एवढी मोठी लाँड्री, हॉस्पिटलच्या चादरी, हॉटेलांचे टॉवेल, सगळं यांच्या वाफेवर. आणि एक दिवस रजा नाही. थांबा, फोटो दाखवते." बायको पर्समध्ये मोबाईल शोधू लागली.

बॉयलर बंद पडला नव्हता, कारण त्याने तो पडू दिला नव्हता. वाफ जास्त झाली की सेफ्टी व्हॉल्व्हने आपणहून उघडायचं, शिट्टी मारायची, वाफ बाहेर सोडायची. पण हा व्हॉल्व्ह वाफ पुरती व्हायच्या आधीच उघडायचा. यंत्रं थांबायची आणि बोलणी त्याला बसायची. नवा मागवतो, मागवतो म्हणत साहेबांनी वर्ष काढलं. शेवटी एके दिवशी त्याने व्हॉल्व्हची दांडी तारेने आवळून टाकली. तेव्हापासून व्हॉल्व्हचं काम तो स्वतः करत होता. बॉयलरशेजारी स्टूल टाकून, कान लावून बसायचं. आवाज जडावला की हाताने कॉक उघडून वाफ सोडायची. तपासणीच्या दिवशी तार खिशात. तपासनीस फाटकाबाहेर पडले की पुन्हा जागेवर. यात त्याला कधी काही वावगं वाटलं नाही. तो होता ना तिथे.

आज तो तिथे नव्हता. तार होती. काल निघताना काढायचीच असं ठरवून तो गेला, तर बॉयलरखोलीत फोटोसाठी सगळे गोळा झालेले. फोटो झाल्यावर साहेबांनी खांद्यावर हात टाकून त्याला थेट फाटकापर्यंत सोडलं.

"इथं फोन लागतो का?" त्याने पडद्याकडे बोट केलं.

"या दोन ठिकाणी लागतो, सर. तिसऱ्या बेटावर मात्र फोन नाही, टीव्ही नाही, काहीच नाही. लोक मुद्दाम त्यासाठीच जातात तिथं."

"तिसरं नको."

"बघा," बायको म्हणाली. "समुद्रावर जाऊनही कान तिकडेच. घरी कुकर लावला ना, की शिट्टी होईपर्यंत हे ओट्यापासून हलत नाहीत. सवत आहे हो ती माझी."

दोघी हसल्या. एक फोन करून येतो म्हणून तो उठला आणि खिडकीपाशी गेला. त्याच्या जागेवर कंपनीने पंपवाल्याला बसवलं होतं. पंपवाल्याने पटकन फोन उचलला.

"बोला नवरदेव. पोचलात समुद्रात?"

"तू कुठं आहेस?"

"बाहेर, सावलीत. आत बसून काय भाजून घेऊ?"

"आत जाऊन बस."

"कशाला? जास्त झालं तर शिट्टी वाजेलच की."

मागे बायको मोबाईल पुढे करून सांगत होती, "हे बघा, मधले हे." फोटोत तो हातात मानपत्र धरून उभा होता. त्याच्या डोक्यामागे व्हॉल्व्ह होता, आणि तारेचा पीळ स्वच्छ दिसत होता. काल रात्रीपासून तो फोटो सगळ्या नात्यात फिरत होता.

"छान आलाय," टेबलापलीकडची बाई म्हणाली.

"ऐकताय ना?" पंपवाला विचारत होता. "काही सांगायचं राहिलंय का?"

एवढंच तर सांगायचं होतं. तार काढ. मग आजच शिट्टी वाजेल, यंत्रं थांबतील, आणि उद्या कुणीतरी विचारेल की ही पाच वर्षं का वाजली नाही. खिडकीबाहेर एक माणूस सायकल पुसत होता.

"नाही," तो म्हणाला. "पाण्याची पातळी बघत जा."

"बघतो हो. जा, मजा करा."

तो परत येऊन बसला.

"तिसरं," तो म्हणाला.

"काय तिसरं?"

"फोन लागत नाही ते. तेच घेऊ."

बायकोने त्याच्याकडे पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण असं काही तिने त्याच्या तोंडून ऐकलं नव्हतं. तिचे डोळे भरून आले. "मनापासून म्हणताय?"

"हो. जरा शांत असेल तिथं."

"उत्तम निवड, सर," म्हणत बाई भराभर टाइप करू लागली.

लाँड्रीतला इस्त्रीचा हॉल बॉयलरखोलीच्या बरोब्बर वर आहे, आणि तिथे कामाला सगळ्या बायका आहेत.