पोच

वहिनीनं दार उघडलं, क्षणभर त्याच्याकडे पाहिलं आणि बाजूला होत ती म्हणाली, "या भाऊजी." जणू तो परवाच येऊन गेला होता. बावीस वर्षांनी तो या दारात उभा होता.

दादा खिडकीशी बसून चष्मा पुसत होता. सरकारी कचेरीच्या आवक-जावक विभागात त्याचा उभा जन्म गेला होता. निवृत्त झाला तरी शर्टाच्या खिशाला दोन पेनं होतीच. त्यानं पायानंच खुर्ची पुढे सरकवली. धाकटा बसला नाही. बसलं तर बोलणं लांबेल, अशी त्याला भीती वाटत होती.

निमित्त सिनेमाचं होतं. धाकट्यानं काढलेल्या कॉमिकवर सिनेमा निघत होता. भिंतीवर चित्र काढणाऱ्याला जिथे उचलून नेतात, अशा एका शहराची ती गोष्ट. नऊ भाग निघाले होते आणि वाचकांना ते तोंडपाठ होते. त्यातला सगळ्यात गाजलेला माणूस म्हणजे भिंतकान. सख्ख्या भावाला शिपायांच्या हवाली करणारा. उंच, किंचित वाकलेला, खिशाला दोन पेनं लावणारा. लोक त्याला पानोपानी शिव्या घालत. तो कुणावर बेतला आहे, हे फक्त घरच्यांना ठाऊक होतं.

पटकथा लिहिणारी मुलगी मोठी चिवट होती. सगळे भाग वाचून तिनं एकच प्रश्न विचारला. भिंतकान असं का करतो? धाकटा म्हणाला, स्वभावच तसा आहे त्याचा. त्यावर ती म्हणाली, कागदावर स्वभावानं भागतं, पडद्यावर नटाला कारण लागतं. दोन दिवस धाकटा कारण शोधत बसला आणि तिसऱ्या दिवशी त्याच्या ध्यानात आलं, की आपल्याला ते माहीतच नाही. त्या एका प्रश्नासाठी पुढे तो जन्मभर तिचे आभार मानत राहिला.

"माझा पत्ता त्यांना का दिलास?" त्यानं उभ्याउभ्याच विचारलं.

दादानं चष्मा चढवला आणि फाइल वाचून दाखवावी तसं सगळं सांगितलं. त्या दिवसांत माणसं रात्रीची उचलली जात. कागद नाही, नोंद नाही. सकाळी चौकशीला जावं तर प्रत्येक ठाणं कानावर हात ठेवी. दादाच्या ओळखीच्या एका टंकलेखिकेनं शुक्रवारी उचलायच्या सात जणांची यादी टाइप केली होती. पाचवं नाव धाकट्याचं होतं. शहराबाहेरचे नाके बंद होते, पळायला वाट नव्हती. म्हणून गुरुवारी दुपारी दादानं अर्धी रजा टाकली, पोलिसांत जाऊन, हा भिंतींवर चित्रं काढतो, अशी भावाविरुद्ध लेखी तक्रार दिली, तिच्यावर आवक क्रमांक पडेपर्यंत तिथून हलला नाही आणि भर उन्हात, सगळी गल्ली बघत असताना, शिपायांना घेऊन भावाच्या खोलीवर गेला.

ते दृश्य धाकट्याच्या डोळ्यांपुढून कधी हललंच नव्हतं. अरुंद जिना, चार शिपाई आणि त्यांच्या मागे मान खाली घातलेला दादा. कॉमिकचं पहिलं पान तेच होतं. एकोणीस महिने तुरुंगात काढून तो सुटला होता. यादीतल्या उरलेल्या सहा जणांचा आजतागायत पत्ता नव्हता. त्या सहाही जणांना त्यानं आपल्या गोष्टीत नायक केलं होतं. आपण नेमके आधी पकडले गेलो म्हणून वाचलो, नशीब बलवत्तर, एवढंच त्याला आजवर वाटत आलं होतं.

मग सांगितलं का नाहीस, असं त्यानं विचारलं. सांगणार कसं, दादा म्हणाला. टंकलेखिकेच्या जिवाचा प्रश्न होता आणि धाकट्याच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे सगळ्या घराला माहीत होतं. पुढे ती राजवट गेली, पण टंकलेखिकेची भीती सरेपर्यंत कॉमिकचे तीन भाग निघाले होते.

"लोकांना तो भिंतकान फार आवडला होता," दादा म्हणाला. "म्हटलं, तुझं बरं चाललंय, कशाला मध्ये विघ्न आणा?"

वहिनी मागून म्हणाली, की नऊच्या नऊ भाग कपाटात आहेत आणि नवा भाग निघाला की पहिल्या दिवशी हेच रांगेत उभे असतात.

आता मात्र धाकटा खाली बसला.  त्यानं दादाचा हात धरला आणि परक्या माणसासारखं "तुझे उपकार" म्हणायला सुरुवात केली. दादाला कानकोंड्यासारखं झालं.

"आभार मानायचेच तर ठाण्यातल्या खिडकीवरच्या त्या कारकुनाचे मान," तो म्हणाला. "तुला आत नेल्यावर मी पोच मागितली. तो देईना. तासभर उभा राहिलो, तेव्हा दिली. वर मला एक शब्दही वाढवू दिला. त्याची नोकरी जाऊ शकली असती."

वहिनीनं कपाटातून प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेला कागद आणून धाकट्याच्या हातात ठेवला. छापील नमुना होता. वर गुरुवारची तारीख, वेळ दुपारी पावणेतीन, खाली गोल शिक्का. 'एक इसम, वय सव्वीस, ताब्यात मिळाला.' त्या ओळीत 'ताब्यात' या शब्दाआधी शाईनं एक खूण केलेली होती आणि तिच्या वर, दादाच्या सुबक अक्षरात, शेजारी कारकुनाच्या सहीसह, एकच शब्द घातलेला होता: 'जिवंत'.