समोरच्याच्या शेजारी

मेडशीच्या बुद्धविहारातल्या तरुणांच्या शांतिमंडळाचा नियम असा: भांडण ज्याच्या घरचं, त्यानं समोरच्याच्या शेजारी उभं राहायचं. पल्लवीनं तो गावभर सांगितला होता. आज पाळी तिच्याच घरावर आली. शेजारच्या गोविंदाकाकानं दोन शेतांमधला धुरा, म्हणजे बांध, नांगरून टाकला म्हणून तिचे बाबा कुऱ्हाड घेऊन त्याच्यावर धावले. पल्लवी ढेकळं तुडवत जाऊन काकाला खेटून उभी राहिली. काका हळूच तिच्या मागे सरकला. "तिथं काहून उभी राह्यली?" बाबा ओरडले. "तू पोरगी माही का त्याची?" "तुमचीच ना, बाबा! म्हणून तं भेव नाही वाटून राह्यलं." बाबांचा उगारलेला हात खाली आला. "टेप आन. मोजू धुरा," ते गुरगुरले. काका पुटपुटला, "अशी पोरगी मलेबी पाह्यजे होती." "हातभर जमीन जास्त घे, गोविंदा," बाबा म्हणाले. "पोरगी माही हाये."