दुपारची गोळी

"दोनदावालीच द्या," दर्शना म्हणाली. डॉक्टर सुमेधा यांचं अजून सांगून व्हायचं होतं.

"अगं, आधी ऐक तरी! हर्पिसच्या या दोन्ही गोळ्या पोटात बाळ असताना चालतात. एक जुनी, दिवसातून तीनदा. गरोदर बायकांना वर्षानुवर्षं देतोय, तिची खात्री जास्त. दुसरी दोनदा, पोटात गेली की तिचं जुन्या गोळीतलंच औषध बनतं. नववा लागलाय, आता एकही चुकवायची नाही. कळा येतील तेव्हा खाली हर्पिसचे फोड असले, तर बाळाला जपायला सिझर करावं लागेल."

"मला जुनीच हवीय हो. पण दुपारी सासूबाई ताटासमोरून हलत नाहीत. कसली गोळी विचारलं तर काय सांगू?" दर्शनाला रडूच आलं. दुखणं नवऱ्याने मुंबईहून आणायचं आणि तोंड हिने लपवायचं. वा रे न्याय!

बाहेर बसवलेल्या सासूबाई बसून थोड्याच राहणार! दार ढकलून काशीबाई आत आल्या. डॉक्टरांनी झटकन कागद पालथा घातला.

"झाकू नका, बाय," काशीबाई म्हणाल्या. "मिठाच्या पाण्यात बसते, लघवीला गेली की डोळे पुसत येते. मला कळत नाय होय? हिचा नवरा, आमचा अनिल, पोटात होता तेव्हा माझं हेच. आमच्या ह्यांनीपण मुंबईसून आणलंनीत."

दर्शना रडायचीच थांबली. "मग तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? कोणाला विचारायची सोय नाय. देवाला हात जोडले नि गप बसले. पोर धडधाकट निघालं, माझं नशीब."

"आणि मला इतके दिवस बोलला नाहीत ते?"

"तू बोललीस?"

दर्शनाला हसू फुटलं. आवरेचना. पोट गदगदा हलायला लागलं, तसं आतून बाळाने लाथ मारली. "अगो बाई, त्यालापण कळलं!" काशीबाई म्हणाल्या, आणि मग डॉक्टरही हसायला लागल्या.

"अनिललाही तपासून घ्यायला सांगा हं," डॉक्टर म्हणाल्या.

"सांगते कसली! कान धरून आणते."

"तीनदावाली लिहा," दर्शनाने डोळे पुसले.

खाली मेडिकलवाल्याने चिठ्ठी वाचली, दर्शनाकडे न बघता गोळ्या खाकी पाकिटात घातल्या आणि वर पिन मारली. काशीबाईंनी तिथेच पाकीट फाडलं.

"ह्यात कशाला रे कोंबतोस? घरी फळीवर माझ्या प्रेशरच्या गोळीशेजारी ठेवायचीय. दुपारची दोघी एकदम घेतो."