हिरव्या नकाशातला काटा

बिदर शहरात कुठं राहणं किती सुखाचं ते दाखवणाऱ्या नकाशात आपली वस्ती गर्द हिरवी, म्हणजे सगळ्यात सुखाची निघाली, म्हणून पार्वतीबाईंनी गल्लीभर गूळ वाटला. उपग्रहाच्या चित्रांवरून हा नकाशा करणारी प्रेरणा याच गल्लीतली. ती मात्र नाल्याकडून लंगडत आली आणि ओट्यावर बसून, छापील नकाशा मांडीवर ठेवून चपलेतला काटा उपसू लागली. “आजी, उपग्रहाला वरून दिसलेलं हिरवं म्हंजे नाल्यातली काटेरी वेडी बाभळ हाय. आपली वस्ती मी लाल करायलेय.” पार्वतीबाईंचा चेहरा उतरला. “जल्मभर लोकांनी वस्तीला नावं ठिवली. आता कुटं हिरवी निघाली, तर तूच लाल कामून करायलीस?” “हिरव्या वस्तीला नगरपालिकावाले बाग देत न्हाईत, आजी. लाल वस्तीला पहिली देतेत.” प्रेरणाच्या हातातला काटा घेऊन पार्वतीबाईंनी तिच्या मांडीवरच्या नकाशात नाल्याकाठी भोक पाडलं. “हितं पिंपळ लावू. बाग येऊ दे मागून.”