तीन बिजागऱ्या

"मारलं असेल त्याने रागात. तू आई आहेस, मुलीकडे बघून सहन कर," सासूबाई म्हणाल्या. सुतारकाम करणाऱ्या सुनेने सुजल्या डोळ्याने मुलीकडे बघितलं. चिमुरडी बाहुलीला थोबाडीत देऊन बजावत होती, "रडायचं नाही, शेजारी ऐकतील." तिला कडेवर घेऊन सून निघाली. नवऱ्याने दाराला आतून कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली. "आता जाऊन दाखव!" सुतारालाच दाराआड कोंडायची अक्कल कुणी दिली, देव जाणे. तिने पिशवीतून हातोडी काढली. तो टुणकन पलंगावर चढला. पण तिचं काम बिजागऱ्यांशी होतं. तीन पिना ठोकून काढल्या, दार कुलपासकट उलट्या बाजूने उघडलं. ठोकाठोक ऐकून जिन्यात शेजारी जमले होते. "अगं, निदान दार तरी लावून जा, लोक बघताहेत!" सासूबाई कळवळल्या. "बघू द्या की. पोलीसचौकीत साक्ष द्यायला हेच लागतील."