खालची फळी

"याही वर्षी एकाहत्तर," म्हणत दुकानाच्या मालकीणबाईंनी मासिक काउंटरवर आपटलं.

शनिवारचे काका नेहमीप्रमाणे खालच्या फळीसमोर उकिडवे बसले होते. दोन बाटल्या उचलून ते सावकाश उठले.

"कशाला एकाहत्तर?"

"माझ्या भावाच्या वाइनला. शंभरपैकी."

त्या मासिकातला समीक्षक दर वर्षी वाइनना गुण द्यायचा. गिऱ्हाइकं बाटली बघायच्या आधी तिच्या गळ्यातलं गुणांचं कार्ड बघत. नव्वदच्या वरचा माल दुपारपर्यंत संपे. त्यातली एक चौऱ्याण्णववाली बाईंनी हौसेने घरी नेली होती. दोन घोटांनंतर ती मोरीत ओतावी लागली.

भावाची वाइन मात्र तीन वर्षं तळाशी धूळ खात पडली होती. तिचं गिऱ्हाईक एकच, हे काका. दर शनिवारी दोन बाटल्या, न चुकता. बाईंना त्यांचा मोठा आधार वाटे. मध्यंतरी बाईंनी त्या बाटल्या नजरेसमोरच्या फळीवर मांडल्या, तर काकांनी स्वतःच्या हाताने पुन्हा खाली ठेवल्या. "वर ऊन लागतं," म्हणाले. वर ऊन येत नव्हतं. पण जाणकार माणूस म्हणून बाईंनी बाटल्या तिथेच राहू दिल्या.

"त्या मेल्याला जीभ आहे की नाही कोण जाणे," बाई म्हणाल्या.

"जीभ आहे त्याला." काका पिशवी उघडत होते.

"मग तुम्हीच सांगा, एकाहत्तरची आहे का ही?"

काकांनी बाटली उजेडाकडे धरली. "चाळीस वर्षांत अशी प्यायलो नाही मी."

"मग चार लोकांना सांगायचं होतं की."

"ते नाही जमत मला."

"आता सांगूनही उपयोग नाही. मासिक परवा आलं आणि भावाने हाय खाल्ली. काल बाग काढायला घेतली. आजोबांनी लावलेल्या वेली होत्या. सकाळी फोनवर लहान मुलासारखा रडला."

काकांचा हात थबकला. "सगळी बाग?"

"सगळी, मुळासकट. गोदामही रिकामं केलंय. तुमच्या हातातल्या दोन आणि फळीवरच्या पाच, एवढ्याच उरल्या आता. एका माणसाच्या आकड्यापायी."

काका स्टुलावर बसले. मासिकातल्या त्या एकाहत्तरवर बोट ठेवून बराच वेळ बघत राहिले. त्यांचा चेहरा उतरलेला पाहून बाईंनी पाण्याचा पेला आणून दिला.

"तुम्ही कशाला जिवाला लावून घेता, काका? तुम्ही तर नेमाने घेत होतात."

"म्हणूनच," काका पेल्याला हात न लावता म्हणाले. "मी सत्त्याण्णव दिले असते, तर माझ्या वाट्याला आली असती का?"